जुनी स्पोर्ट्स कार, नवं इंजिन आणि पाचवा गिअर

पलूस तालुक्यात इंजिन म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचं बिऱ्हाड हलवून औंध संस्थानातल्या माळावर, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनजवळ, कारखाना उभा केला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जागा दिली. कारखान्याभोवती किर्लोस्करवाडी वसली आणि पुढे स्टेशनलाही तेच नाव मिळालं. नांगर, चरक, पंप अशी कामं करता करता या पट्ट्यात लेथवर हात बसलेल्या माणसांच्या पिढ्या तयार झाल्या. विहिरीवरचं इंजिन उतरवून दुसरं बसवणं, पेट्रोलची जीप डिझेलवर करणं, ट्रॅक्टरचा भाग टेम्पोला लावणं ही इथल्या गॅरेजची रोजची कामं. म्हणून कित्येक दशकांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारला नंतरच्या काळातलं इंजिन आणि ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स बसवावा का, हा प्रश्न इथे निघाला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : बसेल की, त्यात काय!

बसतं हे खरंच आहे. बसवल्यावर गाडीत काय सुधारतं, काय बिघडतं आणि कागदावर तिचं काय होतं, याचा एकत्र विचार मात्र क्वचित होतो. जगभरात या विषयावर पन्नास-साठ वर्षांचा अनुभव जमा झाला आहे आणि आपल्याकडचा अनुभवही कमी नाही. तो सगळा एका जागी मांडून पाहू.

जुन्या गाडीचं दुखणं

उदाहरणाला एमजी टीसी घेऊ. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार गाड्या बनल्या आणि त्यांतल्या काही भारतातही आल्या. इंजिन १२५० सीसीचं, ताकद ५४ अश्वशक्ती, गिअर चार. मागच्या धुरीचं क्राउन-पिनियनचं प्रमाण ५.१२५. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी टॉप गिअरमध्येही इंजिनाला पाचपेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. ताशी १०० किलोमीटरला या गाडीचं इंजिन मिनिटाला जवळपास ४००० फेरे घेतं. पिस्टनचा स्ट्रोक ९० मिलिमीटर असल्यामुळे त्या वेळी पिस्टन सेकंदाला सरासरी १२ मीटर धावत असतो. अर्धा तास असं चाललं की तेल तापतं, आवाज डोक्यात जातो आणि चालवणारा आपोआप ८० वर येतो.

ही गाडी इंग्लंडच्या वळणावळणाच्या गावरस्त्यांसाठी बनली होती. पेठ नाक्यावरून पुणे-बंगळूर महामार्गावर चढलं की तिच्या मागे शंभरने येणारा ट्रक असतो. मालकाला वाटतं, इंजिन कमी पडतंय. पण ८० ते १०० च्या वेगात सपाट रस्त्यावर ५४ अश्वशक्ती त्या हलक्या गाडीला पुरते. तिथे कमी पडतो तो एक वरचा गिअर.

ओव्हरड्राइव्हचं काम एवढंच असतं की गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या फेऱ्यांपेक्षा बाहेर पडणारे फेरे जास्त व्हावेत. इंजिन शांत राहतं आणि गाडीचा वेग तोच राहतो. हे साधण्याच्या दोन रीती आहेत. पहिली, गिअरबॉक्सच्या मागे जोडलेलं वेगळं युनिट. ब्रिटिश गाड्यांमध्ये एडगर डी नॉर्मनव्हिल यांच्या कल्पनेतून आलेलं आणि शेफिल्डच्या लेकॉक कंपनीने बनवलेलं युनिट सर्वांत जास्त वापरलं गेलं. त्यात ग्रहगतीचे दातेरी गिअर असतात. बटण दाबलं की सोलेनॉइड तेलाचा दाब सोडतो, शंकूच्या आकाराचा क्लच सरकतो आणि क्लच पेडल न दाबताच वरचा गिअर पडतो. दुसरी रीत म्हणजे नंतरच्या काळातला पाच गिअरचा बॉक्स, ज्याचा पाचवा गिअर ०.८ च्या आसपास असतो. फोर्डच्या सिएरा गाडीतला ‘टाइप नाइन’ बॉक्स टी मालिकेतल्या एमजींना बसवण्याची तयार किट इंग्लंडमध्ये मिळते. त्याचं पाचव्या गिअरचं प्रमाण ०.८२ आहे. तो लावला की टीसीचे ४००० फेरे ३३०० च्या खाली येतात. इंजिनाला हात न लावता गाडी महामार्गाची होते.

कारखान्यांनी स्वतः काय केलं

इंजिन बदलणं हे फक्त गल्लीतल्या मिस्त्रीचं काम आहे, असं शुद्धतावादी मंडळी मानतात. इतिहास तसा नाही. इंग्लंडच्या एसी कंपनीच्या ‘एस’ गाडीला ब्रिस्टलचं दोन लिटरचं इंजिन होतं. ते मिळेनासं झाल्यावर कॅरोल शेल्बी या अमेरिकी शर्यतपटूने १९६२ साली त्याच गाडीत फोर्डचं व्ही-८ घातलं आणि कोब्रा जन्मली. १९६४ साली सनबीम अल्पाइनमध्ये फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ कोंबून ‘टायगर’ बनवली गेली. जागा इतकी अपुरी होती की मागच्या एका स्पार्क प्लगपर्यंत पोचायला आतल्या बाजूने बल्कहेडला भोक ठेवावं लागलं. पुढे सनबीम बनवणारी कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरचं स्वतःचं व्ही-८ त्या जागेत बसेना, म्हणून १९६७ मध्ये टायगर बंद झाली.

एमजीबीची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. केन कॉस्टेलो नावाच्या इंग्रज मेकॅनिकने आधी स्वतःच्या गॅरेजात एमजीबीला रोव्हरचं साडेतीन लिटरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ बसवून विकायला सुरुवात केली. ते पाहून कंपनीने १९७३ साली स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ काढली. १९७६ पर्यंत अशा २५९१ गाड्या बनल्या. ॲल्युमिनियममुळे आठ सिलिंडरचं ते इंजिन जुन्या बिडाच्या चार सिलिंडरच्या इंजिनाएवढंच भरत होतं आणि त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार फारसा वाढला नाही. अडचण आली ती गिअरबॉक्सची. पिळाचा जोर त्याच्या झेपेपलीकडे गेला. सुरुवातीला तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही गिअरवर चालणारा ओव्हरड्राइव्ह नंतर फक्त चौथ्यापुरता ठेवावा लागला. इंजिन बदललं की त्याच्या मागचं सगळं बदलावं लागतं, हा धडा कारखान्यालाही फुकट मिळाला नाही.

आपल्याकडे तर हे चारचाकी धंद्याचं मुख्य सूत्रच होतं. ज्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत आहे, त्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीने १९८५ च्या सुमारास फियाट १२४ च्या सांगाड्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन घालून ‘११८ एनई’ काढली. हिंदुस्थान मोटर्सच्या कॉन्टेसाचं शरीर ब्रिटिश व्हॉक्सहॉलचं होतं आणि सुरुवातीला आत ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं. ते त्या जड शरीराला ओढेना, म्हणून इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट आलं. नव्वदच्या दशकात तीच जोडी ॲम्बेसेडरमध्येही गेली. महिंद्रानेही जीपचं पेट्रोल इंजिन काढून पूजोचं २११२ सीसीचं डिझेल बसवलं. जुन्या शरीरात नवं काळीज घालणं हा आपल्या मोटार उद्योगाचा अनेक वर्षांचा व्यवसाय होता.

टंचाईच्या काळातला वारसा

भारतातल्या बऱ्याच जुन्या परदेशी गाड्यांचं इंजिन मुळातलं नाही, याचं कारण हौस नसून टंचाई आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिनचे सुटे भाग मिळेनासे झाले. क्रँक तुटला की गाडी गोठ्यात जायची, नाहीतर तिला ॲम्बेसेडरचं, फियाटचं किंवा जीपचं इंजिन लागायचं. त्या मिस्त्र्यांना आज नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी तसं केलं नसतं तर यांतल्या अनेक गाड्या भंगारात वजनावर गेल्या असत्या.

या अदलाबदलींतली एक तर वंशावळीतच बसते. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी सिरीज’चं आहे. १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्स कारलाही मुळात याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन होतं, फक्त दोन एसयू कार्ब्युरेटर आणि वेगळ्या कॅमसह. म्हणजे एमजीएला ॲम्बेसेडरचं इंजिन लागलं असेल तर ते परकं नाही. त्यावर दोन कार्ब्युरेटर आणि योग्य कॅम चढवून मूळ स्वभावाच्या बरंच जवळ जाता येतं. एमजी टीसीत इसुझूचं १८०० घालणं मात्र वेगळी गोष्ट आहे. त्यात ५४ अश्वशक्तीच्या जागी ८५ च्या पुढची ताकद येते. गाडीचा सांगाडा शिडीसारख्या चॅसीवर उभा, शरीराची चौकट ॲशच्या लाकडाची, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. इंजिन पळेल, गाडी थांबेल का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

डिझेलचा मोह या पट्ट्यात जास्त आहे, कारण जीपवर तो प्रयोग फळला. जीपच्या पुढच्या पाट्यांना वजन झेपतं, वेग कमी असतो आणि ॲव्हरेजला किंमत असते. स्पोर्ट्स कारमध्ये तेच बिडाचं जड इंजिन नाकावर बसलं की स्टिअरिंग मेल्यासारखं होतं आणि हादऱ्यांनी लाकडी चौकटीचे सांधे उघडतात. दोन माणसांच्या उघड्या गाडीत डिझेल घालणं म्हणजे तिचं स्पोर्ट्स कारपण काढून घेणं.

मिस्त्रीच्या टेबलावर

इंजिन उचलून जागेवर ठेवणं हा कामाचा दहावा हिस्साही नसतो. खरं काम इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या जोडणीत आहे. दोन वेगळ्या कंपन्यांचे भाग जोडायचे तर मध्ये अडॅप्टर प्लेट येते. ती लेथवर आणि बोअरिंगवर अशी काढावी लागते की क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत यावा. डायल गेज फ्लायव्हीलला लावून बेल हाउसिंगच्या भोकात फिरवलं तर पाच-सहा थाऊपेक्षा जास्त फरक चालत नाही. पाच थाऊ म्हणजे मिलिमीटरचा साधारण आठवा भाग. डोळ्याने हा फरक, म्हणजे रनआउट, दिसत नाही. दिसतो तो हजार-दोन हजार किलोमीटरनंतर, इनपुट बेअरिंग ओरडायला लागलं की किंवा चौथा गिअर आपोआप सुटायला लागला की. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा सांगली-मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत हे काम अचूक करणारे कारागीर आहेत. त्यांना ‘बसवून द्या’ असं न सांगता ‘रनआउट मोजून द्या’ असं सांगायला हवं.

क्लच प्लेटचे दाते नव्या बॉक्सच्या शाफ्टचे आणि प्लेटचा व्यास जुन्या फ्लायव्हीलचा, अशी जोडी जमवावी लागते. क्रँकच्या टोकातलं पायलट बुश नव्या मापाचं करावं लागतं. नवा बॉक्स लांब असला की प्रोपेलर शाफ्ट आखूड करून पुन्हा बॅलन्स करावा लागतो. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे ठेवावे लागतात, नाहीतर ६० च्या वेगाला बुडाखाली थरथर सुरू होते. गिअरची दांडी मूळ जागी येईल की सीटच्या खाली जाईल, हे आधी पाहावं लागतं. मधला बोगदा कापायचा झाला तर तो कायमचा कापला जातो. स्पीडोमीटरची केबल वेगळ्या प्रमाणाची लागते. जुन्या ब्रिटिश गाड्यांचं वायरिंग बहुधा पॉझिटिव्ह अर्थचं असतं. नवा अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन न उलटवता जोडलं तर पहिल्याच चावीला जळतं.

लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह निवडला तर दोन पथ्यं पाळावी लागतात. एक, गाडी मागे घेताना तो चालू राहिला तर आतले भाग मोडतात. म्हणून रिव्हर्समध्ये त्याची वीज तोडणारा स्विच हवाच. दोन, त्यात साधं हायपॉइड गिअर ऑइल किंवा घर्षण कमी करणारी द्रव्यं मिसळलेलं तेल घालू नये, कारण त्याचा शंकू क्लच घर्षणावरच चालतो. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं तेल घालावं. आपल्याकडे गिअरबॉक्स दिसला की ‘नव्वद नंबर’चं तेल ओतायची सवय आहे आणि या युनिटच्या वाट्याला तीच सवय येते.

जगातल्या हौशी लोकांनी पाच गिअरचा बॉक्स म्हणून फोर्डखालोखाल टोयोटाचे बॉक्स पसंत केले, कारण ते दणकट आणि शांत असतात. १९९७ पासून टोयोटाचं नाव भारतात किर्लोस्कर नावाला जोडलं गेलं, पण वाडीच्या आसपास कुणी एमजीला तसा बॉक्स लावायचं म्हटलं तरी माप घेण्यापासून सगळं काम नव्याने करावं लागेल. आपल्याकडे सहज मिळणारा बॉक्स म्हणजे कॉन्टेसा-इसुझूचा. गाडी ॲम्बेसेडर घराण्याची असेल तर तो सोयीचा पडतो, कारण हिंदुस्थान मोटर्सनेच तसा घरोबा जमवला होता.

आजचं पेट्रोल

इंजिन बदलण्याच्या बाजूने अलीकडे एक नवा मुद्दा पुढे येतो : जुनं इंजिन आजच्या पेट्रोलवर टिकत नाही. तो अर्धा खरा आहे. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. शिसं व्हॉल्व्हच्या सीटला वंगण द्यायचं. ते गेल्यावर जुन्या बिडाच्या हेडमधल्या सीट झिजू लागल्या. आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं आहे आणि त्यातलं इथेनॉल आपल्यासारख्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांमधूनच जातं. त्याने जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम मऊ पडतात, उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणी ओढलं जातं आणि मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं.

यावर उपाय मात्र इंजिन बदलणं नाही. हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवून घेणं हे कोणत्याही चांगल्या हेड दुरुस्ती करणाऱ्याचं नेहमीचं काम आहे. इथेनॉल झेलणारे पाइप आणि वॉशर मिळतात. कार्ब्युरेटरचा जेट थोडा मोठा करावा लागतो आणि दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी लागते. हे सगळं मिळूनही दुसऱ्या इंजिनाच्या खर्चाच्या जवळपास जात नाही.

आरटीओच्या खिडकीत

इथे गॅरेजचा आत्मविश्वास सर्वांत जास्त अडखळतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वेगळ्या इंधनासाठी मान्यताप्राप्त किट बसवणं हा कायद्यातला अपवाद आहे. सीएनजी आणि विजेवरची रूपांतरं त्यात येतात. वेगळ्या घराण्याचं, वेगळ्या सीसीचं पेट्रोल इंजिन त्यात येत नाही.

गिअरबॉक्सचा नंबर आरसी पुस्तकात नसतो. कलम ५२ च्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेत असा फेर, ज्याने तिचं मूलभूत स्वरूप बदलतं, असं म्हटलं आहे. गिअरबॉक्स बदलल्याने तसं होतं की नाही, यावर वाद घालता येतो. म्हणून सांगलीच्या एमएच-१० कार्यालयात आधी लेखी विचारणं शहाणपणाचं. जुन्या काळी पेट्रोलची जीप डिझेल करून तिच्या पुस्तकात नव्या इंजिनाची नोंद झालेली असायची. त्या भरवशावर आज नवं काम काढू नये.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, ती दहा वर्षं टिकते, आणि नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी रोज रस्त्यावर वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चॅसी, शरीर किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे इंजिन बदलणारा मालक त्या पाटीवरचा हक्क स्वतःच्या हाताने सोडतो.

मूळपणाचा वाद

जुन्या गाड्यांच्या क्लबांचा जागतिक महासंघ ‘फिवा’ने २०१२ साली ट्युरिन सनद मान्य केली. तिचा भर जतनावर आहे : जे मूळ उरलं आहे ते राखा, बदल करावाच लागला तर तो नोंदवा आणि परत फिरवता येईल असा करा. मुंबईत २००८ साली कार्टियेने भरवलेल्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेपासून आपल्याकडेही परीक्षक इंजिनाचा नंबर आणि मूळ जोडणी बारकाईने पाहू लागले. कोल्हापूरच्या दसऱ्यात छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा लोक तिच्या वेगाकडे पाहत नाहीत. ती जशी आली तशी आहे, यालाच किंमत असते.

दुसरी बाजूही पोकळ नाही. गॅरेजात झाकून ठेवलेली अस्सल गाडी सडते. चालणारी गाडी देखरेखीत राहते. मूळ इंजिन पन्नास वर्षांपूर्वीच गेलं असेल, तर त्या जागी आणखी चांगलं इंजिन आलं म्हणून इतिहासाचं नव्याने काही बिघडत नाही, मात्र कलम ५२ तिथेही सुटत नाही. आणि कोब्रा, टायगर, एमजीबी व्ही-८ या तिन्ही अदलाबदलीतूनच जन्मलेल्या आहेत. त्या आज स्वतःच जतन करण्याजोग्या ठरल्या आहेत. फरक इतकाच की तिथे स्टिअरिंग, थंड ठेवण्याची सोय आणि धुरी यांचाही विचार इंजिनाबरोबर झाला होता. गल्लीतल्या कामात बहुधा इंजिनापाशी पैसे संपतात आणि ब्रेक मूळचेच राहतात.

मग करायचं काय

या सगळ्याचा निष्कर्ष सरळ निघतो. गाडीत मूळ इंजिन असेल आणि ते दुरुस्त होण्याजोगं असेल, तर त्याला हात लावू नये. हेड, कार्ब्युरेटर आणि कूलिंग नीट करून घ्यावं. महामार्गावर दमछाक होत असेल तर पाचवा गिअर किंवा ओव्हरड्राइव्ह बसवावा, तोही चॅसी किंवा बोगदा न कापता बोल्टवर बसणारा. पलूस, तासगाव, कराड एवढ्याच फेऱ्या असतील तर तीही गरज नाही, कारण ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागे तिसरा गिअरच कामाला येतो. इंजिन मूळचं नसेल तर त्याच घराण्यातलं शोधावं : एमजीएला बी सिरीज, कॉन्टेसाला इसुझू. वाढीव ताकद घ्यायचीच तर आधी ब्रेक, मग पाटे आणि शॉक, मग धुरी, आणि शेवटी इंजिन, या क्रमाने खर्च करावा.

आणि काढलेलं इंजिन व गिअरबॉक्स विकू नका. तेल भरून, तोंडं बंद करून, नंबरासह फोटो काढून ते गाडीबरोबर ठेवा आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद वहीत लिहा. पुढचा मालक, परीक्षक किंवा आरटीओ ती वही मागेल. पहिला बोल्ट सोडण्याआधी आरटीओचा कागद हातात घ्या. इथल्या कारागिराला बाकीचं सगळं जमतं.